झेरॉक्स काळी का येते, कागद का अडकतो?



पापड-लोणची, शिवणकाम यांच्या जोडीला घरगुती उद्योगांत आता झेरॉक्सचं यंत्रही येऊन बसलं आहे. सूसच्या एका भगिनीनं लिहिलं आहे, "पुढल्या खोलीत यंत्र ठेवलंय. जून उजाडला, प्रवेशांची गर्दी झाली, की नेमका तेव्हाच कागद अडकतो, प्रती काळपट येतात. गिऱ्हाईक दारात, अर्जाची शेवटची तारीख, आणि दुरुस्तीवाला म्हणतो, उद्या येतो!"

सूस २०२१ साली पुणे महानगरपालिकेत गेलं खरं, पण पाऊस मुळशीचाच! निम्मं दुखणं तिथंच आहे. पापडासारखाच कागदही दमट हवेत सादळतो, मग वाकतो, एकमेकांना चिकटतो. म्हणून ५०० कागदांचा गठ्ठा वेष्टणासकट, झाकणाच्या डब्यात ठेवावा. ओलसर भिंतीला टेकवून किंवा फरशीवर ठेवू नये. लागेल तेवढाच कागद ट्रेमध्ये घालावा. घालण्यापूर्वी गठ्ठ्याच्या कडा फुलवून घ्याव्या, ट्रेमधल्या खुणेच्या वर कागद भरू नये, आणि बाजूच्या पट्ट्या कागदाला नुसत्या टेकतील एवढ्याच सरकवाव्या.

यंत्र चालतं कसं, हे समजलं की भीती जाते. केसांवर घासलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात ना, तोच हा खेळ! चेस्टर कार्लसन या अमेरिकन गृहस्थानं सुरुवातीचे प्रयोग चक्क घरच्या स्वयंपाकघरात केले आणि २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात पहिली प्रत काढली. गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा, त्यावर घासायला हातरुमाल आणि वर भुरभुरायला बारीक पूड, एवढंच साहित्य! आजच्या यंत्रात पत्र्याऐवजी ड्रम नावाचा गुळगुळीत रूळ असतो. त्यावर टोनरची पूड चिकटते, ती कागदावर उतरते आणि फ्यूझरच्या तापलेल्या रुळाखाली वितळून पक्की बसते.

आता प्रत बिघडली, की आधी काचेवर एक कोरा कागद ठेवून प्रत काढा. दोष कुठला ते ती प्रतच सांगते.

वरच्या फीडरमधून घातलेल्या कागदावर उभी काळी रेघ येते, पण काचेवर ठेवून काढलेल्या प्रतीवर येत नाही? मग मोठ्या काचेशेजारच्या अरुंद काचपट्टीवर शाईचा किंवा खळीचा कण बसला आहे. यंत्र बंद करून मऊ, किंचित ओल्या फडक्यानं पट्टी पुसा आणि कोरडी करा.

प्रत्येक प्रतीवर एकाच जागी एकच डाग येत असेल, तर मोठी काच आणि झाकणाची पांढरी बाजू पुसा. पण एकाच कागदावर तोच ठिपका सारख्या अंतरानं पुन्हापुन्हा येत असेल, तर दोष फिरणाऱ्या रुळाचा. ३० मिलिमीटर व्यासाचा ड्रम दर ९४ मिलिमीटरला एक फेरा पुरा करतो. म्हणजे ए-फोर कागदावर तोच ठिपका तीनदा दिसेल. असा ड्रम पुसून सुधारत नाही. खर्च आहे, तो करावाच लागतो.

प्रत फिकट आली तर टोनरची कार्ट्रिज काढून, आडवी धरून, पाचसहा वेळा हलकेच हलवा. थोड्या प्रती आणखी निघतील, पण नवी मागवायची वेळ झाली असं समजा. अक्षरं बोटानं पुसली जात असतील, तर कागद दमट आहे, किंवा जाड कागदाचं बटण दाबायचं राहिलं आहे. दोन्ही ठीक असूनही पुसली जातात? मग फ्यूझर कारागिराला दाखवा.

कागद अडकला तर घाई नको. यंत्र बंद करून प्लग काढा. पदर खोचा, लोंबतं मंगळसूत्र आत घ्या. फ्यूझर चांगलाच भाजतो. त्या बाजूला काम असेल तर अर्धा तास थांबा. कागद दोन्ही हातांनी, तो ज्या दिशेनं जात होता त्याच दिशेनं, सावकाश ओढा. सुरी, कात्री, केसातली पिन अजिबात नको! एक चरा पडला की ड्रम गेला. ड्रमला बोट लावू नये, बाहेर काढावा लागलाच तर उजेडात न ठेवता कापडानं झाकावा. कागद फाटला तर तुकडे जुळवून पाहा. राहिलेला एक कपटा पुढचा कागद अडवतो. वारंवार ट्रेपाशीच अडकत असेल, तर कागद ओढणारा रबरी रूळ गुळगुळीत झाला आहे. पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडानं तो पुसून वाळू द्या. फरक नाही पडला, तर रूळ बदलून घ्या.

फीडरमध्ये घालण्यापूर्वी टाचण्या आणि स्टेपलर पिना काढाव्या. जुनं रेशनकार्ड, जीर्ण सातबारा फीडरमध्ये घालूच नये, काचेवरच ठेवावा. गिऱ्हाइकाचा मूळ कागद फाटला, तर तो आपण कुठून भरून देणार?

टोनर सांडून साडीवर पडला, तर आधी झटका, मग थंड पाण्यानं धुवा. गरम पाणी किंवा इस्त्री लावाल, तर पूड वितळून डाग कायमचा बसेल.

आणि एक महत्त्वाचं. बिघडलेल्या प्रती रद्दीत घालू नका. त्यांवर कुणाचं आधारकार्ड असतं, कुणाचं बँकेचं पासबुक. बारीक तुकडे करूनच टाका. कोऱ्या कागदाची ती डागाळलेली प्रत मात्र जपून ठेवा आणि कारागीर आला की पहिल्यांदा तीच त्याच्या हातात द्या. त्याचा वेळ वाचेल, आणि बाईंना यंत्रातलं कळतं, हेही त्याला कळेल!