जावा पुढे गेली, टूल्स मागे का राहिली?

अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२चा शिलालेख आहे. पण लिपी न येणाऱ्याला तो वाचता येत नाही. कोडचंही तसंच. मार्च २०१४मध्ये आलेल्या जावा ८ने टाइप अ‍ॅनोटेशन दिली. 'इथे नल चालणार नाही' अशी खूण थेट टाइपवरच करता येऊ लागली. त्यासाठी क्लास फाइलमध्ये नवे रकाने आले, तिची आवृत्ती ५१वरून ५२ झाली. अनोळखी रकाना दिसला तर तो सोडून पुढे जा, असा जेव्हीएमचा नियम आहे. पण बाइटकोड वाचणारी एएसएम ४ लायब्ररी ५२ हा आकडा पाहूनच एरर द्यायची. तिच्यावर विसंबलेल्या स्प्रिंगच्या जुन्या आवृत्त्याही अडल्या. एएसएम ५ने मार्ग काढला.

म्हणून अ‍ॅनोटेशन काढून टाकणं हा उपाय नाही. जेडीके बदलताना बाइटकोड वाचणारी टूल्सही सोबतच अपडेट करायला हवीत.