तुकारामांचे छायाचित्र : एका नामांतराविषयी

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये जगासमोर आली. तुकारामांचे निर्वाण त्यापूर्वी जवळजवळ दोनशे वर्षे झाले होते. तरीही मराठी घरांतून, दिनदर्शिकांवरून आणि अभंगसंग्रहांच्या मुखपृष्ठांवरून तुकारामांची जी मुद्रा आपल्यापुढे येते, तिचे मूळ अनेकदा एका छायाचित्रात असते. ते छायाचित्र विष्णुपंत पागनीस या गायक-नटाचे आहे. प्रभात फिल्म कंपनीच्या, दामले-फत्तेलाल दिग्दर्शित 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटात त्यांनी तुकारामांची भूमिका केली. पुढे चित्रातील कलावंताचे नाव गळाले आणि संताचे नाव राहिले. या नामांतराची दखल साहित्याच्या अभ्यासकांनी घ्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

याला समांतर असे एक उदाहरण शब्दांच्या क्षेत्रातही आहे. याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेले बीज आणि वृक्ष यांचे पद अनेकांनी तुकारामांचा अभंग म्हणूनच स्वीकारले. पदाच्या बाबतीत निदान पडताळणीचे साधन हाती आहे. शंकर पांडुरंग पंडित यांच्या संपादनाखाली इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेल्या गाथेपासून (१८६९-७३) पाठचिकित्सेची एक परंपरा आपल्याकडे आहे. चेहऱ्याची मात्र कोणी चिकित्सा करीत नाही.

श्रद्धेने पूजिलेल्या चित्राची चिकित्सा कशाला, असा आक्षेप येईल. भाविकाला चित्रकर्त्याचे नाव विचारण्याचे कारण नाही, हे मान्यच आहे. परंतु पाठ्यपुस्तक, संशोधनग्रंथ आणि विद्यापीठीय प्रकाशन यांची जबाबदारी निराळी असते. प्रत्येक प्रतिमा हा एक अन्वयार्थ असतो. भजनात लीन झालेली ती सौम्य मुद्रा गाथेतील एकच स्वर दाखविते. दंभावर प्रहार करणारा, विठ्ठलाशी भांडणारा, स्वतःची झडती घेणारा कवी तीत मावत नाही. चित्रपटावरही हा अन्याय आहे. पडद्यावर सालोमालोचा मत्सर आहे आणि गौरीबाईंनी साकारलेल्या जिजाईचा रोखठोक संसारही आहे. सुटे छायाचित्र हा सारा संघर्ष वगळते.

हा मुद्दा देहूरोडच्या संदर्भात विशेष स्पष्ट होतो. लष्करी वसाहतीच्या या गावाने देहूचे नाव घेतले आहे. पुणे-लोणावळा मार्गावर येथे उतरून देहूची वाट धरता येते. याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची आहे, हे मतही त्यांनी त्याच प्रसंगी मांडले. ते मत कोणास पटो वा न पटो, प्रतिमा कोणाची हा प्रश्न विचारता येतो आणि विचारला पाहिजे, हे त्यातून दिसते. 'मूकनायक'च्या शिरोभागी १९२० मध्ये त्यांनी तुकारामांचाच अभंग घातला होता. मुक्यांच्या वतीने बोलू पाहणाऱ्या पत्राला जो तुकाराम आधार वाटला, तो त्या लोकप्रिय छायाचित्रात शोधून सापडत नाही.

यावर उपाय साधा आहे. चित्र काढून टाकू नये. त्याला त्याचे नाव परत द्यावे. 'तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, प्रभात, १९३६' एवढी ओळ चित्राखाली असली, तर नटाला त्याचे श्रेय मिळेल आणि कवीही एका चेहऱ्यातून मोकळा होईल. जुनी छायाचित्रे जपणाऱ्या संग्राहकांचे ऋण मोठे आहे. परंतु चित्र केव्हाचे, कोणी काढलेले, कशासाठी काढलेले, ही नोंद नसेल तर संग्रहातही नामांतर टिकून राहते. मराठी विभागांनी संतकवींच्या मुद्रित प्रतिमांची अशी सनावळीसह सूची करण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे सोपवावे. पाठभेद नोंदविणाऱ्या विद्याशाखेला प्रतिमाभेद नोंदविणे अवघड जाऊ नये.