बालेवाडीत फुटबॉल इतका लांब का दिसतो?

बालेवाडीचं स्टेडियम १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. पुढे तिथे २०१३ ची आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा झाली, एफसी पुणे सिटीचे आयएसएल सामनेही झाले. पण मैदानाभोवती धावपट्टी, म्हणून प्रेक्षक चेंडूपासून लांब. पॅरिसजवळच्या 'स्ताद द फ्रान्स'मध्ये यावर भारी तोडगा आहे: खालची गॅलरीच सरकते! फुटबॉल असेल तर पुढे. ॲथलेटिक्स असेल तर सुमारे १५ मीटर मागे, की तिच्याखालची धावपट्टी मोकळी. पुण्यात हे हवं का? मला नाही वाटत. तंत्र महागडं, आणि २०१९ मध्ये आपला क्लबच बंद पडला. आधी नियमित खेळणारी टीम आणा, सरकत्या गॅलरीचं मग बघू.