मोटारबोटीवरचा बंब

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांचे चिरंजीव अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, सिअ‍ॅटल शहरी, नोकरीस आहेत. तेथे त्यांनी ३२ फूट लांबीची एक जुनी मोटारबोट विकत घेतली असून सुट्टीच्या दिवशी सूनबाई, दोन लहान मुले आणि उन्हाळ्यात तिकडे गेलेले आजीआजोबा अशी सारी मंडळी तीवर मुक्कामास जातात. बोटीवरील पाणी तापविण्याची टाकी गळू लागली आहे. ती आपण स्वतःच बदलू असे चिरंजीव म्हणतात, तर त्यांस तसे करू द्यावे काय, असे बाईंनी विचारले आहे. अवश्य करू द्यावे, असे आमचे उत्तर आहे. परंतु टाकी बदलणे हा त्या कामातील सर्वांत सोपा भाग होय. खरे काम नळ्यांचे आहे, आणि नळ्या कशा जोडाव्यात हे कळण्यासाठी टाकीच्या पोटात काय चालते ते आधी पाहिले पाहिजे.

तांब्याचा बंब आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. मध्ये विस्तवाचे नळकांडे व भोवती पाणी. नौकेवरील टाकीची रचना तत्त्वतः तीच. मात्र नळकांड्याच्या जागी तेथे धातूच्या नळीचे वेटोळे असते व त्यातून एंजिनाचे कढत पाणी खेळते. चालत्या एंजिनास थंड राखणारा द्रव सुमारे ८० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापतो. ही उष्णता एरवी समुद्रात जावयाची. तीच थोडी वळवून घेतली की स्नानाचे पाणी फुकटात तापते. बोट धक्क्याला बांधलेली असता किनाऱ्यावरील विजेने तापविण्याची सोयही त्याच टाकीत असते. लहान बोटींवर ६ गॅलनची, म्हणजे सुमारे २३ लिटरची टाकी पुष्कळ आढळते. दीड हजार वॅटच्या विजेने एवढे पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास पाऊण तास पुरतो. आपल्या हिशेबी हे पाणी दीड बादलीच भरले, तरी विसण घालून चौघांची स्नाने काटकसरीने उरकतात.

जुनी टाकी काढण्यापूर्वी टेप घेऊन दोन मापे घ्यावीत: एक टाकीचे, दुसरे तिला बाहेर काढावयाच्या वाटेचे. पुष्कळ बोटींत ही टाकी एंजिनाच्या मागे, अगदी अडचणीत, वरचे छप्पर चढण्याच्या आधीच बसविलेली असते. ती बाहेर येईल की नाही ह्याचाच प्रथम प्रश्न पडतो. धक्क्यावरून येणारी विजेची तार नुसते बटण बंद करून न थांबता मुळापासून उपसून ठेवावी. एंजिन पुरते निवू द्यावे. नंतर टाकी रिकामी करून प्रत्येक नळीला चिठ्ठी बांधावी. चार नळ्या एकसारख्या काळ्या दिसतात व दुसऱ्या दिवशी कोणती कोणाची हे आठवत नाही.

नवी टाकी बसविताना तिची उंची महत्त्वाची. एंजिनावर द्रव भरावयाचे जे झाकण असते, त्याच्या खालच्या पातळीवर टाकीचे वेटोळे राहिले पाहिजे. ते वर गेले तर हवा तेथे कोंडून बसते व कढत द्रव फिरेनासा होतो. नळ्यांनाही मध्येच उंचवटा येऊ देऊ नये. चढ असेल तर तो एकसारखा असावा. ह्या नळ्या उष्णता सोसणाऱ्या जातीच्याच घ्याव्यात. बागेला पाणी घालण्याची नळी दिसावयास सारखीच, पण कढत द्रवाने ती मऊ पडते, निसटते, आणि एंजिनाचा सगळा द्रव बोटीच्या तळाशी सांडून भर समुद्रात एंजिन तापते. जोडणी झाली म्हणजे एंजिन चालवून दोन्ही नळ्यांना हात लावून पाहावा. दोन्ही ऊन लागल्या तर काम साधले. एक कढत व दुसरी थंड असेल तर हवा अडकली आहे असे खुशाल समजावे.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळू. आपला बंब बंदिस्त नसतो. पाणी फुगले तर त्यास वाट असते. म्हणूनच पिढ्यान् पिढ्या तो स्नानघरात धुमसत राहिला तरी कोणास त्याचे भय वाटले नाही. नौकेवरील टाकी मात्र बंद असते व पंपाच्या दाबाने भरलेली असते. २३ लिटर पाणी २० अंशांवरून ८० अंशांवर गेले की ते सुमारे ६०० घन सेंटिमीटरने, म्हणजे चांगले तीन पेले, वाढते. कढत पाणी थंड पाण्याच्या नळीत उलटू नये म्हणून तेथे एकाच दिशेने उघडणारी झडप घातलेली असते. तेव्हा मागची वाटही बंद. पाणी दाबून लहान होत नाही. मग ते तीन पेले जावेत कोठे? ह्याचसाठी टाकीला सुरक्षा-झडप असते व ती मधूनमधून ठिबकते. हे ठिबकणे म्हणजे तिचा दोष नव्हे, तिचे कर्तव्य होय. परंतु बोटीच्या तळाशी पाणी साचलेले पाहून मालकाला ते खपत नाही व तो झडपेला बूच मारतो! त्या क्षणापासून ती टाकी केवळ आपल्या पत्र्याच्या बळावर उभी असते. वीज तोडणारा थर्मोस्टॅट एखादे दिवशी अडकला, तर पाणी शंभर अंशांच्याही वर तापते, आणि मग फुटते ते नुसते भांडे नव्हे, तर क्षणात वाफ होणारे पाणी.

ठिबकणे नको असेल तर थंड पाण्याच्या बाजूस, त्या एकमार्गी झडपेच्या व टाकीच्या मध्ये, रबरी पडदा असलेली लहानशी हवेची टाकी बसवावी. वाढलेले पाणी तीत मावते. झडप नवी घ्यावयाची झाल्यास नौकेच्या टाकीची घ्यावी. अमेरिकेत अशा पुष्कळ टाक्यांची झडप चौरस इंचास ७५ पौंड दाबाला उघडते, तर घरगुती टाकीची १५० पौंडांना. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी मिळतात. आपल्याकडील गीझरलाही अशीच झडप असते व तिच्याही तोंडात चिंधी कोंबलेली आम्ही पाहिली आहे. गीझर हे नाव आइसलंडमधील उफाळणाऱ्या उष्णोदकाच्या झऱ्यावरून पडले आहे, हे ध्यानी घेतले तरी पुरे!

एंजिनाच्या उष्णतेवर तापणाऱ्या पाण्याला विजेचा थर्मोस्टॅट आवरीत नाही, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. बोट दोन तास चालली की तोटीतून ८० अंशांच्या जवळपासचे पाणी येऊ शकते. साठ अंशांचे पाणी काही सेकंदांतच कातडी भाजते; मुलांची व वृद्धांची तर त्याहून लवकर. ह्यास उपाय मिश्रक झडपेचा. टाकीतून निघणाऱ्या पाण्यात ती आपोआप थंड पाणी मिसळून ते ठराविक उष्णतेचे करून देते. आजीआजोबा व नातवंडे ज्या बोटीवर राहणार, तीवर ही झडप नसेल तर टाकी बदलण्याचे काम अपुरेच राहिले असे आम्ही म्हणू.

एंजिनाच्या द्रवात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते व ते विष आहे. वेटोळ्यास भोक पडल्यास ते पाण्यात उतरू शकते. म्हणून त्या नळाचे पाणी स्वयंपाकास वा पिण्यास घेऊ नये, आणि एंजिनातील द्रवाची पातळी कारणावाचून चढली किंवा उतरली तर आधी टाकीवर संशय घ्यावा.

विजेसंबंधी एवढेच की टाकी पूर्ण भरून कढत तोटीतून अखंड धार येईपर्यंत वीज लावू नये. कोरड्या टाकीत विजेचे वेटोळे पाहता पाहता जळून जाते. सिअ‍ॅटलच्या पुष्कळ बोटी लेक युनियनच्या गोड्या पाण्यात बांधलेल्या असतात व १९१७ साली खुल्या झालेल्या बॅलर्डच्या पाणदरवाजांतून समुद्रात उतरतात. खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात विजेची गळती अधिक घातक, कारण तेथे पाण्यापेक्षा मनुष्याचे शरीर विजेस अधिक सोपी वाट देते. बोटीवरील जुने, गंजलेले वेटोळे हे अशा गळतीचे नेहमीचे उगमस्थान होय. तेव्हा गळती ओळखून वीज तोडणारे यंत्र बोटीवर असावे, तारांची जोडणी मात्र माहीतगार वीजतंत्र्याकडून तपासून घ्यावी, आणि धक्क्याजवळ मुलांना पोहू देऊ नये.

हिवाळ्यात बोट उभी राहणार असेल तर टाकी रिती करून ठेवावी, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते व टाकीचे सांधे उकलतात. रिती केल्यावर विजेच्या बटणावर ‘टाकी रिकामी आहे’ अशी चिठ्ठी चिकटवावी, व ती वसंतात टाकी भरल्यावरच काढावी.