आधी पाणी, मग प्रस्तावना

आपल्याकडे लेखनाची चर्चा निघाली की ती कथा-कादंबरीवर जाऊन थांबते. पण बहुतेक माणसे जन्मभर लिहितात ते अर्ज, निरोप आणि सूचना! कादंबरी कळली नाही तर कुणाचे अडत नाही. सूचना कळली नाही तर घरात पाण्याचा थेंब राहत नाही.

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर गेल्या उन्हाळ्यात एक कागद लागला: 'सर्व सन्माननीय सभासदांस सविनय कळविण्यात येते की, टाकीच्या स्वच्छतेचे काम बऱ्याच दिवसांपासून प्रलंबित असल्याने व त्याबाबत अनेक तक्रारी प्राप्त झाल्याने, सदर काम येत्या मंगळवारी हाती घेण्यात येणार असून त्या कालावधीत पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल.' व्याकरणाची चूक एकही नाही. पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी चष्मा लावून 'तक्रारी'पर्यंत वाचले आणि 'काहीतरी भांडण दिसतंय' म्हणून त्या परतल्या. मंगळवारी शेजारच्या इमारतीतून कळशी भरून आणताना, जिन्यात दर चार पायऱ्यांवर थांबत होत्या बिचाऱ्या.

दोष आजींचा नव्हे. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. वाक्य लांबले, की मुहूर्त टळत चालला तरी नवरदेवाचा पत्ता नाही, अशा मांडवातल्या मंडळींसारखा वाचक ताटकळतो. त्यात 'ठेवण्यात येईल' म्हटले की ठेवणारा कोण, हेही गुलदस्त्यात!

विद्यार्थ्यांना मी एकच सांगतो: कागदासाठी लिहू नका, माणसासाठी लिहा. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये 'लोकहितवादी' या नावाने समाजसुधारणेचे जड विषय मांडले, ते पत्रांच्या रूपाने. पत्र म्हटले की समोर कुणीतरी असतेच. आणि समोर माणूस असला की पाल्हाळ लावायला हात कचरतो.

तीच सूचना अशी लिहिता आली असती: 'मंगळवारी सकाळी ८ ते संध्याकाळी ५ पाणी येणार नाही. सोमवारी रात्रीच भरून ठेवा. टाकी धुवायची आहे. अडचण आल्यास चिटणिसांना सांगा.' चार वाक्ये, चार क्रियापदे. लागते ते आधी, कारण नंतर. मूळ कागदावर नसलेली वेळसुद्धा आपोआप आली. कारण आजींनी पहिला प्रश्न तोच विचारला असता.

कुणी म्हणेल, यात भाषेचे वैभव कुठे राहिले? मला विचाराल तर वाचणाऱ्याची अडचण ओळखणे, हेच लिहिणाऱ्याचे सौजन्य. 'सन्माननीय' लिहून कुणाचा मान राहत नाही. त्याची कळशी वेळेवर भरली, म्हणजे राहतो.