वाढत्या अंगाचा पतंग

घरातील मुलासाठी कपडे घेताना ते वाढत्या अंगाचे घ्यावेत, हा व्यापारी घरांतील जुना आणि बहुतांशी योग्य असा शिरस्ता आहे. आज बाही थोडी लांब वाटली तरी पुढच्या वर्षी ती नेमकी बसते आणि एका खर्चात दोन वर्षे निघतात. हाच शिरस्ता समुद्रकिनाऱ्यावर लावला तर मात्र जिवावर बेतू शकते. काइटसर्फिंग शिकू लागलेला मुलगा किंवा मुलगी स्वतःचा पतंग घेण्याचा विषय घरात काढते, तेव्हा वडीलधारी मंडळी प्रथम किमतीकडे पाहतात. ९ चौरस मीटरचा आणि १२ चौरस मीटरचा, या दोहोंच्या किमतींत त्यांना मोठे अंतर दिसत नाही आणि साहजिकच उद्गार निघतो, ‘‘घ्यायचाच तर मोठा घे, पुढे उपयोगी पडेल.’’

या पतंगाचे संक्रांतीच्या पतंगाशी नाते नावापुरतेच. पायांखाली फळी, कमरेला हार्नेस नावाचा रुंद पट्टा, हातांत आडवा दांडा, त्या दांड्यापासून निघालेल्या साधारण २० ते २४ मीटर लांबीच्या दोऱ्या आणि त्यांच्या टोकाला वाऱ्यावर धरलेले कापड, असा हा सारा सरंजाम असतो. फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या बंधूंनी १९८४ साली, हवेने फुगणारी नळी असलेल्या पतंगाच्या पेटंटसाठी अर्ज केला. असा पतंग पाण्यावर पडला तरी बुडत नाही आणि तेथूनच पुन्हा वर नेता येतो. आज नवशिक्यांच्या हाती दिले जाणारे बहुतेक पतंग याच कुळातले आहेत. १२ चौरस मीटर म्हणजे जवळजवळ १३० चौरस फूट. घरातील एखाद्या लहान खोलीच्या जमिनीएवढे कापड डोक्यावर उभे राहून वारा अडवत आहे, अशी कल्पना केली म्हणजे ‘मोठा घे’ या दोन शब्दांचे वजन ध्यानात येते.

खरा हिशेब येथूनच सुरू होतो. पतंगाचे क्षेत्रफळ वाढले की ओढ त्याच प्रमाणात वाढते. ९ ऐवजी १२ घेतला तर ती एक तृतीयांशाने वाढेल. वाऱ्याचे तसे नाही. वाऱ्याची ओढ त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते. समुद्रावरील वारा नॉटमध्ये मोजतात. १५ नॉट म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर. तो २० नॉटवर गेला, तर अंगाला जाणवणारा फरक थोडासाच असतो, पण पतंगाची ओढ जवळजवळ पावणेदोन पट होते. ९ चा लावायचा तेथे १२ चा लावला आणि वाराही १५ चा २० झाला, तर दोन्ही चुका एकमेकींना गुणतात आणि ओढ सव्वादोन पटींच्या पुढे जाते. चक्रवाढ व्याज ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मोजले गेले, त्यांना हा गुणाकार वेगळा समजावून सांगावा लागू नये.

किनाऱ्यावर चालणारा एक ढोबळ आडाखा असा : शरीराचे वजन किलोत घ्यावे, त्यास २.२ ने गुणावे आणि वाऱ्याच्या नॉटने भागावे. ६० किलोच्या व्यक्तीस १५ नॉटच्या वाऱ्यात उत्तर येते ८.८, म्हणजे ९ चा पतंग. ८० किलोच्या व्यक्तीस त्याच वाऱ्यात जवळजवळ १२ चा लागेल. वारा २० नॉट झाला तर ६० किलोवाल्यास ७ चा पुरतो आणि ८० किलोवाल्यास ९ चा. थोडक्यात, थोरल्या भावासाठी घेतलेला पतंग धाकट्या बहिणीला त्याच दिवशी चालेलच असे नाही, मग दोघांची उंची सारखी का असेना. मात्र हे सूत्र सरळ भागाकाराचे आहे आणि वाऱ्याची ओढ वर्गाने चालते. म्हणून फार मंद किंवा फार जोराच्या वाऱ्यात त्यावर विसंबणे बरे नाही. शिवाय ते फळीवर उभे राहून चालू लागलेल्यांसाठी आहे. जो अजून पाण्यात ओढला जाऊन पतंग सांभाळायला शिकत आहे, त्याला प्रशिक्षक याहून लहान माप देतात. अगदी आरंभी तर वाळूवरच, २ ते ३ चौरस मीटरच्या सरावाच्या पतंगाने हात बसवून घेतात.

यावर चतुर मुले एक उत्तर देतात. आताच्या पतंगांची ओढ दांडा पुढे ढकलून कमी करता येते, मग मोठा असला म्हणून काय बिघडले? ओढ कमी करता येते, हे खरे आहे. तथापि ती ठरावीक मर्यादेपर्यंतच कमी होते आणि घाबरलेला माणूस नेमके उलटे करतो. पाय घसरला, लाट अंगावर आली किंवा शरीर हवेत उचलले गेले, की हात आपोआप आवळले जातात आणि दांडा छातीकडे ओढला जातो. दांडा जवळ ओढला की ओढ वाढते. सोडायचे असते तेथे धरले जाते आणि माणूस वाळूवरून किंवा खडकांवरून फरपटत जातो. ही सवय मोडायला अनेक दिवसांचा सराव लागतो. तो होईपर्यंत लहान माप हेच नवशिक्याचे खरे कवच असते. पतंग तत्काळ सोडून देण्याची कळ प्रत्येक दांड्याजवळ असते. ती डोळे मिटून हाताला सापडते का, हे पतंग उडवण्यापूर्वी किनाऱ्यावर उभे राहूनच पाहावे.

याचा अर्थ जितका लहान तितका उत्तम, असाही नव्हे. वाऱ्याच्या मानाने पतंग फारच लहान पडला तर फळीवर उभेच राहता येत नाही, वाऱ्याच्या दिशेने वाहत जावे लागते आणि परत येताना फळी काखेत धरून किनाऱ्याने पायपीट करावी लागते. लहान पतंग चपळही असतो. दांड्याच्या थोड्याशा हालचालीने तो गर्रकन वळतो, तर मोठा सावकाश वळतो. म्हणून नवशिक्याने माप वाढवायचे तर ते फळीचे वाढवावे. सुमारे १४० सेंटिमीटरची किंवा त्याहून लांब, रुंद फळी कमी ओढीतही अंगाला पाण्यावर तोलून धरते. वाढत्या अंगाचे काही घ्यायचेच असेल तर ते हेच.

मापाचा निर्णय गावावरही अवलंबून असतो. गोव्यात मोरजी-अश्वेच्या किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या तोंडी दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो, तो बहुधा मंद. तेथे मोठ्या मापाचा पतंग हवासा वाटतो. रामेश्वरमला नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत तो सलग आणि जोरकस वाहतो. गोव्यात रुळलेला मोठा पतंग तेथे पिशवीतच ठेवावा लागतो. रामेश्वरमच्या एका बाजूस मन्नारचे आखात आणि दुसऱ्या बाजूस पाल्कचा उपसागर आहे. साहजिकच जो वारा एका किनाऱ्यावर जमिनीकडे आणतो, तोच दुसऱ्या किनाऱ्यावरून खोल समुद्राकडे नेतो. जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात नवशिक्याने, पतंगाचे माप अगदी बरोबर असले तरी, उतरू नये.

म्हणून पहिला हंगाम प्रशिक्षण केंद्राच्याच पतंगांवर काढावा, हे खर्चाच्या दृष्टीनेही शहाणपणाचे. तेथे निरनिराळी मापे हाताखालून जातात, आपल्या वजनाला कोणत्या वाऱ्यात काय मानवते ते कळते आणि पुढे नेमके कोठे जाणे होणार आहे, हेही ठरते. विकत घ्यायचेच असेल तर आधी शिरस्त्राण आणि कमरेस बसणारे हार्नेस घ्यावे. ती कोणत्याही किनाऱ्यावर चालतात. जुना पतंग स्वस्त मिळतो, पण फार जुन्या घडणीच्या पतंगांची ओढ पुरेशी कमी करता येत नाही. म्हणून असा माल कितीही स्वस्तात मिळाला तरी तो महागच. जुना घेताना तो पुरता फुगवून काही तास तसाच ठेवावा आणि नळीतील हवा उतरते का ते पाहावे. दोऱ्या ताणून त्यांची लांबी एकसारखी आहे का, तेही तपासावे.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर पतंग उघडण्याआधी पाण्यावर आधीच असलेल्यांकडे पाहावे आणि परतलेल्या एखाद्याला त्याचे वजन व पतंगाचे माप विचारावे. अशा प्रश्नाचा तेथे कोणी राग मानत नाही. ७० किलोचा माणूस १० चौरस मीटरवर सुखाने चालत असेल, तर ५५ किलोच्या मुलीला ८ चा पुरे, आणि ती शिकाऊ असेल तर ७ चा. तोच माणूस १० चा उतरवून ८ चा फुगवू लागला असेल, तर वारा चढतो आहे असे समजून नवशिक्याने आपली पिशवी बंदच ठेवावी.