दुर्मीळ क्षय आणि ‘अधिक-उणे’

मूलकणांच्या संशोधनाविषयी मराठीत जे थोडेफार लेखन होते, त्यात मोजमापाचा आकडा येतो. त्यापुढचे ‘अधिक-उणे’ मात्र बहुधा गळते. हे गळणे किरकोळ मानले जाते. वास्तविक दुर्मीळ क्षयांच्या बाबतीत आकड्यापेक्षा त्याचे हे शेपूटच अधिक बोलके असते.

जपानमधील त्सुकुबा येथील ‘बेल-२’ प्रयोगाचे उदाहरण घ्यावे. तेथे सुमारे ३ किलोमीटर परिघाच्या वलयांत इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन परस्परविरुद्ध दिशांनी धावतात आणि त्यांच्या टकरीतून बी-मेसॉनांच्या जोड्या जन्मास येतात. २०१९ ते २०२२ या काळात अशा सुमारे ३८.७ कोटी जोड्या हाती आल्या. त्यांत शोधावयाचा होता तो भारित बी-मेसॉनाचा एक विशिष्ट क्षय, ज्यात एक के-मेसॉन आणि दोन न्यूट्रिनो निघतात. न्यूट्रिनो अभिज्ञातकात कोणतीही खूण ठेवीत नाहीत. तथापि या जातीच्या यंत्रात टकरीची एकूण ऊर्जा आधीच ठाऊक असते. त्यामुळे जमाखर्चात जी तूट येईल ती अदृश्य कणांनी नेली, असा हिशेब मांडता येतो.

अडचण अशी की, तूट येण्याची कारणे अनेक. दीर्घायुषी उदासीन के-मेसॉन पुष्कळदा अभिज्ञातकाला पुरता चकवा देऊन निसटतात आणि न्यूट्रिनोचे सोंग वठवितात. म्हणून संशोधकांनी आपल्याच पद्धतीची परीक्षा घेतली. के-मेसॉनाबरोबर दोन म्यूऑन निघालेल्या घटना निवडून त्यांतील म्यूऑनांची नोंद मुद्दाम पुसली आणि उरलेल्या घटना पद्धतीला ओळखता येतात का, हे पाहिले. पूर्वी मोजलेला एक वेगळा दुर्मीळ क्षयही त्याच रीतीने पुन्हा मोजला. उत्तर जुन्या आकड्याशी जुळले. अशा प्रयोगांतील बहुतेक श्रम या आत्मसंशयातच खर्ची पडतात, आणि बातमीत नेमके तेच येत नाहीत.

२०२३ मध्ये फल जाहीर झाले : एक लाख क्षयांत २.३, अधिक-उणे ०.७. प्रचलित सिद्धान्ताची अपेक्षा सुमारे ०.५६ ची. चौपट! मग नव्या भौतिकीची चाहूल लागल्याच्या वार्ता पसरल्या, यात नवल नाही. परंतु येथे दोन निराळे प्रश्न आहेत. असा क्षय घडतो काय, याचा पुरावा ३.५ प्रमाण विचलनांचा. सिद्धान्ताशी असलेली तफावत मात्र २.७ विचलनांचीच. शोध लागला असे म्हणण्यासाठी या शास्त्रात पाचाची अट आहे. शिवाय हे फल दोन पद्धतींच्या मेळातून आले, एकीने २.७ दिले, तर दुसरीने १.१. दोन्हींची अनिश्चितता पाहता त्यांत विरोध नाही; पण ती गाळली, तर एक पद्धत चुकली असेच वाचकास वाटेल.

या गैरसमजास मराठीतील रूढ परिभाषाही हातभार लावते. मोजमापातील ‘एरर’ला ‘त्रुटी’ म्हटले की, कोणाचा तरी हलगर्जीपणा झाला असा ध्वनी उमटतो. विद्यार्थी तो आकडा प्रयोगवहीत लाजत लिहितो आणि वृत्तपत्रे तो सभ्यपणाने झाकतात. ‘अनिश्चितता’ हा शब्द उपलब्ध आहे. तो रुळावयास हरकत नाही. आपल्या ज्ञानाची मर्यादा मोजून सांगणे हा दोष नव्हे, ते मोजमापाचे अर्धे काम होय.

हा विषय परक्यांचा म्हणून सोडून देण्याचीही सोय नाही. ‘बेल-२’च्या सिलिकॉन अभिज्ञातकाचा एक थर जुळविण्याचे काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने केले आहे. २०२४ च्या प्रारंभी यंत्र पुन्हा सुरू झाले. नोंदी वाढतील तसे ते ०.७ आक्रसत जाईल आणि २.३ हा आकडा कदाचित खाली उतरेल. तो उतरला, तर २०२३ चे मोजमाप खोटे ठरले अशी बातमी छापली जाण्याची धास्ती आहे.